नऊ पावलांची नदी

एल्वा क्रोग गेली एकोणीस वर्षं नदी आहे.

आमच्या जत्रेत कुणी राणी होतं, कुणी खाटीक, कुणी उंदीर पकडणारा. ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या दर शनिवार-रविवारी पाचशे वर्षं मागे जायचं आणि सोमवारी परत यायचं. सगळ्यांच्या बाबतीत ‘तो अमक्याचं सोंग घेतो’ असं म्हणतात, पण एल्वाबद्दल तसं कुणी म्हणत नाही. ‘नदी आली का?’ असं विचारतात. ‘नदी जेवली का?’

दुपारी बारा वाजता राणीची मिरवणूक निघते आणि तिच्या शेवटी एल्वा चालते. मीटरभर उंच लाकडी पाय गुडघ्यांखाली पट्ट्यांनी बांधलेले, कमरेपासून गवतापर्यंत निळा घेर, आणि तोंडातून एक शब्द नाही. मुलं घेराला हात लावून बघतात, ओला आहे का.

वाटेत ओकच्या झाडांपाशी एक लहान चढ आहे. तिथे एल्वाचं डोकं कुंपणाच्या वर जातं. कुंपण उंच आहे, कारण पलीकडे गाड्या उभ्या असतात आणि पाचशे वर्षांपूर्वी गाड्या नव्हत्या. गाड्यांच्या पलीकडे मका, आणि मक्याच्या पलीकडे विस्कॉन्सिन, म्हणजे खरी नदी. जत्रेतल्या कुणालाच ती दिसत नाही. एल्वाला दिसते, नऊ पावलं. मग झाडं आडवी येतात.

“नक्की नऊच?” मी एकदा विचारलं होतं.

“तुला वहीत लिहायचंय ना, थिया? लिही. नऊ.”

मी लिहिलं होतं. मी लहानपणापासून सगळं वहीत लिहिते. माझी आई जत्रेत मेणबत्त्या विकते, आणि तिच्या टेबलाखाली बसून किती मेणबत्त्या किती वेळ जळतात हे लिहिण्यात माझे उन्हाळे गेले. या मे महिन्यात मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन परत आले तेव्हा कळलं, की हिवाळ्यात गोदामातल्या उंदरांनी नदी खाल्ली. घेराच्या चिंध्या उरल्या होत्या. उंदीर पकडणाऱ्याला त्यावरून अजून टोमणे बसतात.

“नवीन मी शिवते,” मी म्हटलं.

एल्वा त्रेसष्ट वर्षांची आहे. तिने माझ्याकडे बघून मान हलवली आणि एवढंच म्हणाली, “या वर्षी चालायचंय मला. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.”

कपडे बर्निसच्या हाती असतात. ती सत्तर वर्षांची आहे, हातात कायम मोजपट्टीसारखी छडी, आणि सगळे तिला ‘हुजूर’ म्हणतात. थट्टेने सुरू झालं होतं, आता थट्टा कुणाच्या लक्षात नाही. तिचा एकच नियम आहे: दहा पावलांवरून बघितल्यावर कपड्यात आपल्या काळातलं काही दिसता कामा नये. चेन नको, चकाकणारं बटण नको, मशीनची टीप नको. जत्रेच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी एक वाजता, ती गवतात उभी राहते आणि आम्ही एकेक करून तिच्यासमोरून जातो. तिने नाही म्हटलं की तो कपडा फाटकातून आत जात नाही. नदीचा कपडा झाला नाही तर मिरवणुकीचं शेपूट ढोलवाल्यांना मिळणार होतं. आणि ढोलवाले एकदा कुठे घुसले की निघत नाहीत.

मी तीन महिने तयारी केली. लिननचे नऊ नमुने मागवले, प्रत्येकाचा एक धागा जाळून बघितला. खरं लिनन कागदासारखं जळतं आणि त्याची मऊ राख होते. सहा नमुने खरे निघाले. त्यांतलं एक निवडलं, त्याच्या सोळा कळ्या कापल्या, आईच्या मशीनवर लांब टिपा मारून त्या जोडल्या. रंग मुद्दाम शेवटी द्यायचा ठरवला. कळ्या वेगवेगळ्या रंगवल्या तर प्रत्येकीची छटा वेगळी येते, आणि मला अख्खी नदी एका पाण्याची हवी होती.

जत्रेच्या आधीच्या मंगळवारी दुपारी गुरांना पाणी पाजायच्या मोठ्या टाकीवरचं झाकण काढलं. चुना, फळांची साखर आणि नीळ तीन दिवस मुरत होती. वर तांबूस साय धरली होती, मधोमध निळा फेस होता, आणि खालचं पाणी पिवळट हिरवं. त्या पाण्यात निळं काहीच नसतं. कापड हिरवं बाहेर येतं आणि हवा लागली की आपल्या डोळ्यांदेखत निळं होत जातं. का, ते मला माहीत आहे, समीकरण लिहून दाखवता येईल. तरी दर वेळी मी हातातलं काम टाकून बघत राहते.

एल्वाने आणि मी घेर आत बुडवला, कोपरापर्यंत हात घालून हळूहळू फिरवला, आणि दोन ओकच्या मध्ये बांधलेल्या दोरीवर चढवला. हिरवं पाणी ठिबकत होतं. मग वरच्या काठापासून निळं उतरायला लागलं. आधी दुमडींच्या कडा, मग मधलं अंग. जणू कुणी आकाश तिरपं करून कापडात ओतत होतं. एल्वा पालथ्या बादलीवर बसली होती. सात मिनिटं लागली.

आठव्या मिनिटाला मला शिवणी दिसल्या.

सोळाच्या सोळा पांढऱ्याच राहिल्या होत्या. निळ्या कापडावर सोळा सरळ पांढऱ्या रेघा, मोजून मारलेल्या, टाक्याला टाका सारखा. मी दोऱ्याचं टोक कापलं आणि काडी पेटवून धरलं. राख झाली नाही. दोरा आक्रसला, वितळला आणि त्याचा काळा मणी झाला. आईच्या खणातलं, चिठ्ठी निघून गेलेलं रीळ होतं ते. पॉलिएस्टर नीळ पीत नाही. मी कापडाचे नऊ नमुने जाळून बघितले होते. दोरा जाळून बघितला नव्हता.

“सुंदर झालंय की,” एल्वा म्हणाली.

“रेघा बघ.”

“बघतेय.”

तेवढ्यात मागून छडी आपटल्याचा आवाज आला. बर्निस बरोबर दहा पावलांवर उभी होती. तिला पावलं मोजावी लागत नाहीत.

“थिया,” ती म्हणाली, “ही नदी आहे की तुझी गणिताची वही?”

“दोरा रंग घेत नाही, हुजूर.”

“मला इथपर्यंत मशीनची घरघर ऐकू येतेय. राणीचा झगा असता तर लोक तोंडाकडे बघतात, म्हणून सोडूनही दिला असता. नदीचा घेर लोकांच्या नाकासमोरून जातो.” ती वळली. “शुक्रवार, एक वाजता. ढोलवाले मला रोज विचारतायत.”

ती गेल्यावर मी वही काढली. सोळा शिवणी, प्रत्येकी दोन मीटर दहा. सगळं उसवायचं आणि हाताने पुन्हा जोडायचं. एका मीटरला चाळीस मिनिटं. एकटीला साडेबावीस तास, उसवायचे वेगळे.

“दोघींना अकरा,” एल्वा म्हणाली. “आठ तुझ्या, आठ माझ्या.”

“दोरा निळीत बुडवून घेते, म्हणजे दिसणार नाही.”

“आणि हे?” तिने एका शिवणीचे चार टाके उसवून दाखवले. टाक्यांखाली नीळ पोचली नव्हती. दोरा गेला तरी पांढरे ठिपके राहिले होते, मुंग्यांच्या रांगेसारखे. “पांढराच दोरा घे, लिननचा. पाणी कुठे मुडपतं ते दिसायला हवं. रेघांचं मला काही वाटत नाही, त्या सरळ आहेत एवढंच वाईट.”

पांढरा दोरा घ्यायला सांगणं ही तिची चूक होती की तिने ते मुद्दाम केलं, हे मला आजही सांगता येत नाही.

बुधवारी आम्ही ओकखाली बसलो. घेर आमच्या दोघींच्या मांड्यांवर पसरला होता आणि मधे गवतावर त्याचा डोह झाला होता. दोरा मी आईच्या मेणाच्या वडीवरून ओढून घेत होते, म्हणजे तो पिळत नाही. वर तलवारवाल्यांची तालीम चालली होती. लांबून तो आवाज कुणी चमचे धुतंय असा येत होता. कुणीतरी उकडलेली कणसं आणून ठेवली. ऊन पानांतून गळून कापडावर पडत होतं, वारा आला की हलत होतं, आणि सुई कुठे घालायची ते क्षणभर कळत नव्हतं. शिवताशिवता वाटायचं की आपण कापड जोडत नाही, पाण्याला धरून ठेवतोय, आणि हात सुटला तर सगळं उतारावरून निघून जाईल.

एल्वा सुई ओवायला माझ्याकडे देत होती. “डोळे,” म्हणाली. तिच्या लाकडी पायांचे पट्टेही या उन्हाळ्यात मीच बांधत होते. “कंबर,” म्हणाली होती.

गुरुवारी सकाळी मी घेर उलगडला. माझ्या बाजूच्या शिवणी सरळ होत्या. तिच्या बाजूच्या नव्हत्या. प्रत्येक टाका आधीच्या टाक्यापासून जरासा सरकलेला, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. घाईत झालं असेल, असं मला वाटलं. मग एल्वा कॉफीचा कप घेऊन शेजारी बसली, आणि मी कपाकडे बघितलं. कॉफीवर बारीक वर्तुळं उठत होती. वारा नव्हता. मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मोजलं. सेकंदाला चार, कधी पाच.

“कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“एल्वा.”

तिने कप गवतात ठेवला. वर्तुळं थांबली.

“नोव्हेंबर. सणाच्या जेवणात भाजलेली टर्की कापताना सुरी ताटावर वाजायला लागली. सगळ्यांना वाटलं, मी दोन शब्द बोलणार आहे म्हणून वाजवतेय. सगळे गप्प झाले, मग मला बोलावंच लागलं.”

मला हसू आलं आणि मग आलं नाही.

“डॉक्टर?”

“गेले होते. तो म्हणाला, तुमचे हात थरथरतात. मी म्हटलं, ते मला माहीत होतं, म्हणून तर आले.” तिने मांडीवर घेर ओढून घेतला. “पायांत नाही अजून. येईल का, ते त्यालाही माहीत नाही.”

“बर्निसला सांगितलंस?”

“बर्निसला सांगितलं तर ती मला राणीशेजारी खुर्चीवर बसवेल. हातात पंखा देऊन.” ती कुंपणाकडे बघत होती. “खुर्चीवरून कुंपण दिसतं, थिया. फक्त कुंपण.”

तिच्या आठही शिवणी पूर्ण झाल्या होत्या. दहा पावलांवरून त्या दिसणार होत्या, आणि दोरा पांढरा होता. ज्याला कपडा वाचता येतो त्याला हातही वाचता येतो, आणि बर्निसला दुसरं काही येतच नाही.

“हवं तर उसव,” एल्वा म्हणाली. “तुझ्या सरळ हाताने घाल. दिवस आहे अजून.”

मी कात्री हातात घेतली. मग डोळ्यांपुढे मला ती चढावर दिसली, मीटरभर वर, आणि खाली मी, सरळ टाके घातलेली.

“आधी चालून दाखव,” मी म्हटलं.

मैदानावरचं दव अजून वाळलं नव्हतं. मी तिचे पट्टे बांधले, ती उठली, आणि मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. घेर नव्हता, नुसती ती आणि लाकूड. धुकं तिच्या गुडघ्यांपर्यंत होतं, त्यामुळे लाकडी पाय दिसतच नव्हते. खूप उंच बाई गुडघाभर ढगातून चालल्यासारखी वाटत होती. ती पलीकडे पोचल्यावर मी टेप घेऊन वाकले. ओल्या मातीत लाकडी पायांची गोल भोकं पडली होती. एका भोकापासून पुढच्या भोकापर्यंत मी मोजत गेले. बासष्ट सेंटिमीटर. बासष्ट. त्रेसष्ट. बासष्ट. चाळीस पावलं मोजली. सगळ्यांत मोठा फरक दोन सेंटिमीटर होता.

पाय ठीक होते, मग हात लपवायची गरज नव्हती. मी कात्री डब्यात ठेवून दिली.

शुक्रवारी एक वाजता बर्निस गवतात उभी होती. एल्वा घेर घालून तिच्यासमोर आली आणि जागच्या जागी पावलं टाकत राहिली. लाकडी पायांवर थांबता येत नाही. आधी उजवी बाजू समोर आली, माझी.

“हा कालवा कुणी खणला?” बर्निसने विचारलं.

“मी, हुजूर.”

“हाताचा आहे. सरळ आहे. चालेल.” छडी हवेत फिरली. “वळा.”

एल्वा वळली. डाव्या बाजूच्या आठ रेघा उन्हात थरथरत खाली उतरत होत्या. कुठे जवळ येत होत्या, कुठे लांब जात होत्या. खरंच पाणी दगडावरून जातं तेव्हा तसं दिसतं. मग बर्निसने असं काही केलं, जे मी माझ्या आयुष्यात बघितलं नव्हतं. ती दहा पावलं सोडून पुढे आली. कापडाला नाक लागेपर्यंत आली, आणि एका शिवणीवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

“एल्वा,” वर न बघता ती म्हणाली. “हात कधीपासून?”

“तुझे गुडघे कधीपासून?” वरून आवाज आला.

“विषय बदलू नकोस.”

“नोव्हेंबर.”

“बासष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, बासष्ट,” मी म्हटलं.

बर्निसने माझ्याकडे बघितलं. “हिला ऊन लागलंय का?”

“ते माझे पाय आहेत,” एल्वा म्हणाली.

मी वही पुढे केली. बर्निसने गळ्यातला चष्मा लावला आणि चाळीसच्या चाळीस आकडे वाचले. बोट ठेवून, एकेक.

“सपाटीवर मोजलंस. चढावर?”

मी चढावर मोजलं नव्हतं. अडचणीची जागा सोडून उरलेली मोजली होती, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

आम्ही तिघी चढावर गेलो. एल्वा चालली. मी मोजलं. बासष्ट. अठ्ठावन्न. सहासष्ट. साठ. मी आकडे मोठ्याने वाचत होते, आणि प्रत्येक आकड्याला वाटत होतं की हा न वाचलेला बरा. चढ संपल्यावर एल्वाने एका ओकच्या फांदीला धरलं. तिने आमच्याकडे बघितलं नाही. ती कुंपणावरून पलीकडे बघत होती.

“दिसतेय?” बर्निसने विचारलं. तिलाही माहीत होतं तर.

“दिसतेय. पाणी कमी झालंय.”

बर्निस बराच वेळ छडीने गवत उकरत राहिली.

“नदीला काठ नाहीत,” ती शेवटी म्हणाली. “म्हणून हा कपडा मला कधी पूर्ण वाटला नाही. दोन्ही बाजूंना दोघी चालतील. तपकिरी झगे, हातात डोक्यापेक्षा उंच सोटे. नदीने चढावर सोट्यांवर हात ठेवायचे.”

“नदी एकटी चालते,” एल्वा म्हणाली. “एकोणीस वर्षं.”

“काठाशिवाय चालते तिला पूर म्हणतात. पूर मी मिरवणुकीत घेत नाही.”

एल्वाच्या हातातली फांदी हलत होती, सेकंदाला चार-पाच वेळा, आणि तिच्या टोकाची पानं.

“कोण दोघी?” एल्वाने विचारलं.

“एक ही, वहीवाली. एक मी.”

“तू? त्या गुडघ्यांनी?”

“म्हणून तर तुला हळू चालावं लागेल.”

एल्वा हसली. फांदी सोडली आणि उतरायला लागली.

“तुझा झगा कोण तपासणार, बर्निस?”

“गप चाल.”

शनिवारी सकाळी, फाटक उघडल्याची तोफ उडायच्या आधी, नेहमीसारखे सगळे पाणी घेऊन आले. जत्रेतले लोक लांबून येतात, आणि पहिल्या दिवशी प्रत्येक जण आपल्या घरचं पाणी नदीच्या घेरावर शिंपडतो. कुणी टेक्सासहून दुधाच्या बाटलीत आणलेलं, कुणी ओहायोहून औषधाच्या कुपीत. उंदीर पकडणाऱ्याने सगळ्यांत जास्त ओतलं आणि “माफ कर,” म्हणाला. ढोलवाल्यांनीसुद्धा ओतलं. घेर खालून वर गडद होत गेला. ओलं झालं की लिननचा दोरा आणखी मजबूत होतो. हे मी बर्निसला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, हे तिला मी जन्मायच्या आधीपासून माहीत आहे.

बारा वाजता मिरवणूक निघाली. मी उजव्या काठाला, बर्निस डाव्या. आमच्या मधून एल्वा चालत होती, आणि तिच्या घेराची ओली कड माझ्या हाताला लागत होती. एक लहान मुलगी पुढे आली, कापडाला हात लावला आणि ओरडली, “आई, खरंच ओली आहे!”

चढ आला. वरून दोन हात खाली आले आणि आमच्या सोट्यांवर टेकले. सोट्यातून ती थरथर माझ्या तळव्यापर्यंत आली. सोटा घट्ट धरला, तर ती मातीत उतरून जात होती. आम्ही बर्निसच्या गुडघ्यांच्या चालीने चाललो. मला कुंपण दिसत होतं, कुंपणाच्या फळ्या, एका फळीवरची गोगलगाय. वर एल्वाचं तोंड दिसत नव्हतं, पण तिची मान वळलेली होती आणि ती बराच वेळ वळलेलीच राहिली.

मग झाडं आली. हात वर गेले.

संध्याकाळी लोक गेल्यावर मी टेप घेऊन चढावर गेले. मिरवणुकीत एल्वा सगळ्यांत शेवटी असते, त्यामुळे तिची भोकं कुणी तुडवलेली नव्हती. पन्नास, पन्नास, एकावन्न, पन्नास. मी परत आले तेव्हा ती पालथ्या बादलीवर बसली होती. घेर दोरीवर वाळत होता.

“किती?” मी विचारलं.

“अकरा.”

मी वहीत लिहिलं. नऊ गुणिले बासष्ट, पाचशे अठ्ठावन्न. अकरा गुणिले पन्नास, पाचशे पन्नास. म्हणजे वाटेचा तुकडा तेवढाच होता. मी तसं तिला सांगितलं.

“असेल,” एल्वा म्हणाली. “पण या वेळी एक होडी जाताना दिसली. पूर्ण. या टोकापासून त्या टोकापर्यंत.”